घाटकोपर-किरोळ नगरपालिका

घाटकोपरला एकेकाळी स्वतःची नगरपालिका होती, हे आज मेट्रोच्या गर्दीत कुणाला सांगितलं तर पटणार नाही. पण घाटकोपर-किरोळ नगरपालिका खरोखर होती. किरोळ हे लगतचं गाव. ते आता पश्चिमेच्या किरोळ रोडपुरतं उरलं आहे, असं वाटतं. पण जमिनीच्या कागदांवर दोन्ही गावं जिवंत आहेत. वीस मजली इमारतीच्या मालमत्ता पत्रकावरही 'मौजे घाटकोपर' किंवा 'मौजे घाटकोपर-किरोळ, तालुका कुर्ला' असंच छापून येतं.

मुंबईच्या सात बेटांशी घाटकोपरचा संबंध नव्हता. ते साष्टी बेटातलं. साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती बळकावली. पुढे घाटकोपरचं सरकार बसायचं ते ठाण्याला. गावात सारावसुली पाटील-तलाठ्यांकडे. पूर्वेला खाडीपर्यंत मिठागरं होती. उधाणाचं पाणी बांधातून आत घ्यायचं, वाफ्या-वाफ्यांतून उतरवत उन्हात दाट करायचं आणि खाली मीठ धरलं की ते ओढून ढीग लावायचे. मिठावर सरकारची करडी नजर, त्यामुळे गावाच्या या मोठ्या धंद्यात गावाला फारसं विचारत कोण होतं?

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे याच बाजूने गेली. १८९६ च्या प्लेगने शहरातली माणसं उपनगरांकडे निघाली, वस्ती वाढली, आणि पाटील-तलाठ्याच्या दप्तरात मावणार नाहीत अशी कामं उभी राहिली. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात त्यांची यादीच आहे: रस्त्यावर दिवे, झाडलोट, गटारं, देवीची लस, जन्ममृत्यूची नोंद. अशी कामं घाटकोपर-किरोळ नगरपालिकेकडे आली. १९२० मध्ये ठाण्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला आणि घाटकोपर त्यात आलं.

अशा छोट्या नगरपालिकांविषयी जुनी माणसं हळवी होऊन बोलतात. सभासद ओळखीचा, कचेरी चालत जाण्याजोगी, हे खरंच. पण मतदार कोण होता? त्या काळच्या नगरपालिकांत मताचा हक्क दीर्घकाळ मालमत्तेला किंवा भरलेल्या कराला बांधलेला होता. मिठागरात राबणाऱ्याचं नाव त्या यादीत सापडणं अवघडच. मुंबई महापालिकेची सार्वत्रिक मतदानाने पहिली निवडणूक झाली तीही १९४८ मध्ये, आणि एप्रिल १९५० मध्ये महापालिकेची हद्द वाढून घाटकोपर तिच्यात सामील झालं. मुलुंड आणि दहिसर आत यायला १९५७ उजाडलं.

विलीनीकरण चुकलं, असं म्हणवत नाही. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मोठ्या नळांतून शहराला जात होतं. धरणं बांधणं, मैलापाणी वाहून नेणं एकट्या घाटकोपर-किरोळला झेपलं नसतं. बिघडलं ते दुसरीकडे. गावाची सभा गेली आणि तिच्या जागी आला महापालिकेचा 'एन विभाग'. त्याचा कारभार नेमलेल्या सहायक आयुक्ताच्या हाती. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, पण तिजोरीच्या किल्ल्या मुख्यालयातच राहिल्या. इंग्लंडमध्ये १८९४ च्या कायद्याने लहान खेड्यांनाही निवडलेली पॅरिश कौन्सिल मिळाली होती. लाखोंच्या घाटकोपरला तेवढंही स्वतःचं मंडळ नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ घाटकोपरला निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाने पाहिला.