दाह : शत्रु कीं रक्षक ?

बोटांत कांटा मोडला म्हणजे दुसऱ्या दिवशीं तें लाल होतें, सुजतें, तापतें आणि ठणकतें. हा अनुभव ज्यास नाहीं असा वाचक विरळा. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें दाहाचीं हींच चार लक्षणें नमूद करून ठेविलीं आहेत. पुढें अठराव्या शतकांत जॉन हंटरसारखा एखादा शल्यवैद्य दाहास उपकारक म्हणाला खरा; पण बहुतेकांच्या लेखीं दाह हा विकारच होता.

१८६७ सालीं कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतांना प्रत्यक्ष पाहिल्या. वाहिनीची भिंत बिघडते म्हणून त्या बाहेर पडतात, असें त्याचें म्हणणें होतें. यास उत्तर मिळालें तें वैद्याकडून नव्हे, तर मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाकडून. १८८२ सालीं तो सिसिलींतील मेसिना येथें राहत होता. घरचीं माणसें सर्कशीस गेलीं असतां तारामाशाच्या पारदर्शक अळींतील फिरत्या पेशी पाहतांना त्यास सुचलें कीं, ह्या पेशी शरीराच्या रक्षणार्थ असाव्यात. त्यानें बागेंतील गुलाबाचे कांटे अळ्यांच्या त्वचेखालीं खुपसले. सकाळीं पाहतो तों कांट्यांभोंवतीं पेशींचा वेढा पडलेला ! ज्या प्राण्यास रक्तवाहिन्याच नाहींत, त्याची भिंत बिघडणार कोठून ?

आज हा व्यापार पुष्कळ उलगडला आहे. त्वचेखालच्या पहारेकरी पेशी जंतूची चाहूल लागतांच रासायनिक द्रव्यें सोडतात. त्यांमुळें रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि उष्णता. त्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. मज्जातंतू चेतवले जातात, म्हणून ठणका. पाठोपाठ पांढऱ्या पेशी भिंतींतून निसटून जंतूंस गिळूं लागतात. पू म्हणजे मुख्यतः या झुंजींत पडलेल्यांचा ढीग होय.

परंतु मेच्निकॉफला निर्वेध मान्यता मिळाली नाहीं. १८९० सालीं बेरिंग आणि किटासाटो यांनीं रक्तद्रवांतील प्रतिविषें दाखविलीं, आणि संरक्षण पेशींत कीं द्रवांत, असा वाद माजला. १९०८ चें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि द्रवपक्षाचा एर्लिक या दोघांस विभागून देण्यांत आलें. तरीही पुढें बरींच वर्षें अभ्यासकांचें लक्ष प्रतिद्रव्यांकडेच राहिलें.

याच मेच्निकॉफचा ओडेसा येथील शिष्य हाफकिन १८९६ च्या प्लेगांत मुंबईस आला आणि १८९७ च्या जानेवारींत त्यानें आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ती मारलेल्या जंतूंची होती. लशींतील अशा जंतुद्रव्याचें महत्त्व १९८९ सालीं जेनवे या अमेरिकन शास्त्रज्ञानें नेमकें ओळखलें. नुसतें शुद्ध प्रथिन टोचलें तर शरीर बहुधा उदासीन राहतें. सोबत जंतूचा अंश असला कीं जागें होतें. म्हणजे शिकून मिळणाऱ्या प्रतिकारास जन्मजात प्रतिकाराचीच हांक लागते. १९९६ सालीं हॉफमन यांच्या प्रयोगशाळेंत 'टोल' जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीस बळी पडतात असें दिसलें; १९९८ सालीं बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेंत जंतूंच्या आवरणांतील विष ओळखणारें त्याच कुळांतील जनुक उंदरांत सांपडलें. २०११ सालीं उभयतांस नोबेल मिळालें.

मग दाह निव्वळ मित्र समजावा काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमवातांत हाच दाह विझत नाहीं व सांधे झिजवितो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत तो वर्षानुवर्षें धुमसत राहून हृदयविकारास हातभार लावतो. जागल्यानें चोरास हांकलून द्यावें हें उचित. पण चोर गेल्यावरही त्यानें लाठी फिरवीतच राहावें, तर घरच्यांचींच डोकीं फुटावयाचीं. म्हणून वैद्यानें केवळ लाली आणि सूज पाहून दाहास दडपूं नये, किंवा रक्षक म्हणून मोकाटही सोडूं नये. चोर अद्याप घरांत आहे कीं नाहीं, हें त्यानें आधीं पाहावें. अळीच्या अंगांतील त्या कांट्यानें हाच प्रश्न विचारावयास शिकविलें, असें आम्ही समजतों.