युद्ध संपले म्हणजे काय?

आमच्या पिढीने व्हिएतनामचे युद्ध वर्तमानपत्रांतून वाचले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि लवकरच ती बातमी पहिल्या पानावरून गेली. तिथल्या जमिनीचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे फारसे कुणी विचारले नाही.

अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामवर विमानांतून सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. झाडी गेली की गनिमाला लपायला जागा नाही आणि पीक गेले की खायला अन्न नाही, हा हिशेब. ज्या पिंपांवर नारिंगी पट्टा असे, त्यांतल्या रसायनाला ‘एजंट ऑरेंज’ नाव पडले. त्यात डायॉक्सिन हे जहाल विष होते.

सायगावजवळ समुद्राला लागून कान झो हा खाड्यांचा मुलूख आहे. बंदराकडे जाणारी जहाजे तिथूनच जात, म्हणून तिथल्या खारफुटीवर फवारणी झाली. खारफुटी अशा माऱ्यापुढे टिकत नाही. मागे उरला उघडा चिखल.

१९७८ साली शहराच्या वनखात्याने लागवड सुरू केली. बियाणे दूर दक्षिणेकडच्या का माऊहून आणले. या झाडाचे बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखे लांब होते. भरती-ओहोटी सांभाळत ते एकेक करून हाताने चिखलात खोवायचे. पुढे जंगलाचे तुकडे स्थानिक कुटुंबांना राखणीसाठी करारावर दिले आणि त्याचा मोबदलाही दिला. मला हे जास्त महत्त्वाचे वाटते. झाड लावायला एक दिवस पुरतो, राखायला माणसाचे आयुष्य लागते. सुमारे वीस वर्षांत जवळपास वीस हजार हेक्टरांवर रान उभे राहिले. २००० साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

मातीतले विष मात्र असे जात नाही. दा नांगच्या विमानतळावर ही पिंपे साठवली जात. तिथली माती २०१२ ते २०१८ या काळात, अमेरिकेच्याच पैशाने, खणून आणि ३३५ अंश सेल्सिअसच्या वर तापवून शुद्ध करावी लागली. बिएन होआच्या विमानतळावरचे काम तर २०१९ साली सुरू झाले, म्हणजे फवारणी थांबून ४८ वर्षांनी!

इतिहास शिकवताना आपण युद्धाच्या नावापुढे कंसात दोन साले लिहितो. या युद्धापुढे दुसरे साल कोणते लिहावे? तुम्हीच सांगा.