वैद्यकीय शिक्षणाचे शुल्क, कर्ज आणि प्रतीक्षायादी : एक मागोवा

आपल्या मंडळाचा गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा समारंभ आटोपला की दोन-तीन पालक कार्यालयात रेंगाळतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्यांच्या पाल्याचे नाव वैद्यकीय महाविद्यालयाच्या निवडयादीत नसते; परंतु आशा सोडून द्यावी इतके ते खालीही नसते. पुढच्या फेरीत जागा मिळेल कदाचित. ती मिळाली तर चार-सहा दिवसांत काही लक्ष रुपये कोठून उभे करावयाचे, हा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नास इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनाही एक स्थान आहे. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी तो समजून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आज नवल वाटेल, पण आरंभी सरकारच विद्यार्थ्यास पैसे देऊन वैद्यक शिकवीत असे. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ साली निघाले, तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यांस दरमहा सात रुपयांपासून विद्यावेतन ठरले होते. प्रेताचे विच्छेदन करणे म्हणजे धर्मभ्रष्ट होणे, अशी समजूत असलेल्या समाजातून मुले मिळावीत कशी? मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये १८४५ साली अध्यापन सुरू झाले, तेथेही विद्यावेतने होती. डॉ. भाऊ दाजी लाड हे तेथून १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतले. त्या काळी प्रतीक्षा करावी लागे ती महाविद्यालयाला, विद्यार्थ्याला नव्हे.

पुढे ही स्थिती पालटली. सौ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, त्या वेळी प्रवासखर्चासाठी त्यांना अंगावरचे सोने विकावे लागले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन बाहेर पडल्या. सोने विकून वा गहाण ठेवून शिकण्याची ही रीत आपल्या घरांतून आजही गेलेली नाही. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो दानाचा नव्हता, कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. एकाने फेडलेले पैसे दुसऱ्याच्या उपयोगी पडावेत, ही त्यातील मुख्य कल्पना. बडोदे संस्थानाने १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तीतही शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. म्हणजे हातात पैसा ठेवताना देणाऱ्याने परतफेडीचा विचार केला नाही, असे फारसे घडलेले दिसत नाही.

ज्ञातिसंस्थांचे कार्य याच काळातले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस जो आश्रय दिला, त्याने खेड्यातील मुलाच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय झाली. त्याच धर्तीवर पुढे गावोगावच्या मंडळांनी विद्यार्थी साहाय्यक निधी काढले. आपल्या मंडळाच्या जुन्या खतावण्या मी अलीकडे चाळल्या. अर्ज एका पानाचा, दोन ज्ञातिबांधवांची जामीनकी, आणि चिटणिसांची सही झाली की त्याच आठवड्यात रक्कम हाती. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नसे, कारण कोणाच्या घरी काय शिजते हे चिटणिसांस ठाऊक असे. या व्यवहाराचा दोषही सांगितला पाहिजे. अनेक खात्यांवर परतफेडीचा रकाना कोराच राहिला, आणि डॉक्टर होऊन मोठ्या शहरात गेलेल्यांचीही नावे त्यांत आहेत. निधी आटला तो गरिबांमुळे नव्हे!

सरकारचाही अनुभव फारसा निराळा नाही. केंद्र सरकारने १९६३ साली राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना काढली. कर्ज बिनव्याजी होते, आणि कर्जदार पुढे शिक्षक झाला तर सेवेच्या प्रत्येक वर्षी कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. (आमच्या पेशास मिळालेला असा मान विरळाच.) या योजनेतही वसुली समाधानकारक झाली नाही.

त्या वेळी शुल्क मात्र आवाक्यात होते. पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६ चे, नागपूरचे १९४७ चे, औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, १९५६ चे. ही सारी सरकारी. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालये काढण्यास मुभा मिळाली. जागा वाढल्या हे खरे, पण शिक्षणाचा खर्च पालकाच्या खिशावर आला. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करणे भाग पडले. आज खाजगी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क कित्येक लक्षांच्या घरात असते. २००१ पासून बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तीत त्या वेळी चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर. सामान्य कुटुंबास हा मोठाच आधार झाला.

परंतु बँक प्रवेशपत्र पाहिल्यावाचून कर्ज मंजूर करीत नाही, आणि महाविद्यालय शुल्क भरल्यावाचून प्रवेश पक्का करीत नाही. माझ्या तरुणपणी बारावीच्या गुणांवर यादी फलकावर लागे. प्रतीक्षायादीतला मुलगा तोवर बी. एस्सी.ला नाव घालून ठेवी, आणि वैद्यकला जागा मिळाली तर ते थोडेसे शुल्क बुडे. त्याची कोणास खंत नसे. आता २०१६ पासून देशभर ‘नीट’ परीक्षा कायम झाली असून प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात. आधीच्या फेरीत दंतवैद्यकाचे वा आयुर्वेदाचे शुल्क भरून ठेवावे लागते. अभिमत विद्यापीठांच्या केंद्रीय नोंदणीसाठी तर दोन लाखांची अनामत आधीच अडकते, आणि नंतरच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर ती जप्तही होऊ शकते.

आपल्याच एका कुटुंबाची हकीगत सांगतो. मुलीस पहिल्या फेरीत दंतवैद्यक मिळाले, शुल्क भरले. तिसऱ्या फेरीत शुक्रवारी सायंकाळी दुसऱ्या जिल्ह्यात एम. बी. बी. एस.ची जागा लागली. मुदत मंगळवारपर्यंत. बँकेत विचारता, किमान पंधरा दिवस लागतील, असे उत्तर आले. सोमवारी आईच्या पाटल्या व आजीची बोरमाळ सोनेतारणावर गेली, उरलेली रक्कम तिघा आप्तांकडून गोळा झाली. पुढे बँकेचे कर्ज मंजूर झाले. पण बँक पैसे महाविद्यालयासच देते, आणि पहिल्या वर्षाचे शुल्क तर भरून झालेले! सोने सुटावयास सव्वा वर्ष लागले.

यास्तव पालकांस माझी विनंती आहे. निकालाची वाट न पाहता उत्पन्नाचा दाखला, प्राप्तिकराची विवरणपत्रे व गुणपत्रिका बँकेच्या शाखेत दाखवून ठेवाव्यात, म्हणजे केवळ प्रवेशपत्र तेवढे बाकी राहील. आपण आधी भरलेले शुल्क पावती दाखविल्यास कर्जातून परत मिळेल काय, हे लेखी विचारावे. कोणत्या फेरीनंतर जागा सोडल्यास किती रक्कम बुडते, हे त्या वर्षीच्या पत्रकात स्वतः वाचावे, कारण नियम दरसाल बदलतात. प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थास दारात उभे करू नये.

मंडळाने काय करावे? लक्षावधी रुपयांचे शुल्क भरण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही, आणि बँका असताना त्याची आवश्यकताही नाही. उणीव आहे ती शुक्रवार ते मंगळवार या चार दिवसांची, आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांची. तेवढ्या मुदतीची बिनव्याजी उचल, दोन जामीनदार घेऊन आणि बँकेच्या शाखेशी आधी पत्रव्यवहार करून देता येईल. परतफेड न करणाऱ्याचे नाव वार्षिक अहवालात छापावे, असेही मी सुचविले आहे. काही सभासदांस हे कठोर वाटते, मला तसे वाटत नाही. जुन्या निधीतील शिल्लक अद्याप मुदतठेवीत पडून आहे. ती या कामी वळविण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडण्यास कार्यकारिणीने अनुमती दिली असून, ज्यांची जुनी खाती पुरी व्हावयाची आहेत अशा तिघा डॉक्टर बंधूंस मी स्वतः पत्रे घातली आहेत. त्यांपैकी एकाचे उत्तर आले आहे.