धाव

‘टायर’ला मराठीत शब्दच नाही असं कुणी म्हणालं की मी ‘धाव’ हा शब्द पुढे करतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा म्हणजे धाव. ती लालबुंद तापवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना लोखंड आकसतं आणि चाकाला घट्ट आवळतं. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की हीच धाव सैल व्हायची. मग चाक पाण्यात भिजत ठेवायचं, नाहीतर लोहाराकडे न्यायचं.

मावळातून कोकणात उतरणारी बोरघाटाची वाट फार जुनी. कार्ल्याची लेणी कोरली गेली तेव्हाही व्यापारी याच भागातून ये-जा करत. पण गाडीरस्ता मात्र १८३० सालचा, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळातला. १८६३ मध्ये घाटात रेल्वे आली. चढ इतका, की काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट! म्हणून रेल्वेने शिस्तही कडक ठेवली. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आधी तपासायचे, मगच तिला खाली सोडायचं. मोठ्या स्टेशनांवर एक माणूस हातोडीने चाकं ठोकत जाताना मी लहानपणी पाहिलाय. खणखणीत आवाज आला तर चाक ठीक, बद्द आला तर खोट.

म्हणजे धावेची खोट दिसायची आणि रेल्वेच्या चाकाची ऐकू यायची. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला, आणि इथेच सगळं बदललं. प्रवास मऊ झाला, पण खोट लपली. हवा बरीच कमी झाली तरी आजचा टायर वरवर पाहता ठाकठीक वाटतो.

जुन्या घाटरस्त्यावर निदान थांबणं तरी व्हायचं. इंजिन तापायचं, गाडी बाजूला लागायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला वेग कमी व्हायचा. (इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, अशी आख्यायिका.) २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि सुमारे ९५ किलोमीटर न थांबता जायची सोय झाली. टायरची परीक्षा खरी इथे असते. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, वाकून तापतात. वर गाडीत माणसं आणि सामान ठासून भरलेलं, खाली उन्हाने तापलेलं काँक्रीट. मग भर वेगात टायर फुटतो आणि सावरायला क्षणभरही मिळत नाही.

कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९४ वा नियम सांगतो, की मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तिचाकीला ०.८. खाचांमध्ये छोटे उंचवटे दिलेले असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर बाद! लोणावळ्याच्या पावसात रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकतात त्या याच खाचा. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओने गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. मला तेव्हा रेल्वेचीच शिस्त आठवली.

पण नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा असू शकतो. त्याच्या अंगावर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि हवा तर रोज बदलते. ती मोजायची टायर गार असताना, म्हणजे निघण्याआधी. किती हवी ते बहुतेक गाड्यांच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

लोणावळ्याहून येताना चिक्की आणायला कुणी विसरत नाही. घाट उतरायच्या आधी चारही टायरांकडे (आणि हो, स्टेपनीकडेही) एकदा वाकून बघायला पाच मिनिटं लागतात. गाडीवान तेवढा वेळ काढायचा, आणि त्याची गाडी तर बैलाच्या चालीने जायची.