सावित्रीचें खोरें व भूगोलाचा पक्ष

भूमीची रचनाच राज्यांचें दैव ठरविते, असें म्हणणारा एक पक्ष आहे. इ. स. १९०४ त मॅकिंडर या इंग्रज भूगोलज्ञानें लंडनच्या भूगोलसंस्थेपुढें निबंध वाचून, युरोप-आशियाचा समुद्रावरून अगम्य असा अंतर्भाग हाच जगाच्या राजकारणाचा खुंटा होय, असें मांडलें. आमच्याकडेहि सर्व श्रेय सह्याद्रीस देऊन मोकळें होण्याची वहिवाट आहे. हा पक्ष कितपत टिकतो, तें महाड-पोलादपूरच्या टापूवरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भूमीचें बळ येथें खरेंच मोठें. महाबळेश्वरीं उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाड यांवरून बाणकोटास समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्यावर होड्या महाडापर्यंत येत. पुढें माल बैलांच्या पाठीवर पार व वरंध या घाटांनीं देशावर चढे. शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध ७ (१० नोव्हेंबर १६५९) रोजीं प्रतापगडाखालीं अफजलखान पडल्यावर त्याचें सैन्य पारच्या रानांत कोंडलें गेलें, त्यांत डोंगराचा वांटा कोणी नाकारणार नाहीं.

परंतु हीच जावळी, हींच रानें, तीन वर्षांपूर्वीं मोऱ्यांचीं होतीं. पिढ्यान्पिढ्या नांदलेलें तें घराणें १६५६ त उखडलें गेलें. रायरीचा कडाहि त्यास तारूं शकला नाहीं. बरें, खान या मुलखास नवखा म्हणावा, तर तो पूर्वीं वाईचा सुभेदार. याहून बोलका पुरावा घाटमाथ्यापलीकडील रोहिडखोऱ्याचा आहे. १६५९ च्या स्वारींत विजापूरचें फर्मान येऊनहि कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांकडे राहिला. त्याच खोऱ्याचा खंडोजी खोपडा खानास मिळाला. डोंगर दोघांचा एकच. निवड मात्र दोघांची दोन. नकाशावर हें कोठें दाखवावें?

पुढील काळ पाहतां हा संशय दृढच होतो. १६८९ त संभाजीमहाराज धरले गेल्यानंतर मोगलांनीं रायगडास वेढा घातला. कित्येक महिने झुंजून गड त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत पडला. सूर्याजी पिसाळाच्या फितुरीची कथा खरी धरा वा न धरा, छत्रपति धरले गेले होते आणि राजाराममहाराज गड सोडून गेले होते, हें विसरतां येत नाहीं. पुढें १७५५-५६ पासून बाणकोट, म्हणजे सावित्रीचें मुखच, इंग्रजांच्या हातीं गेलें. भूगोलाच्या न्यायानें महाड तेव्हांच जावयास हवें होतें. तें साठ वर्षांवर राहिलें. आणि १८१८ त पेशवाईच कोसळूं लागतांच प्रॉथरच्या फौजेपुढें महाड व रायगड दोन्ही थोड्या आठवड्यांत गेलीं. उखळी तोफांच्या गोळ्यांनीं गडावरील वाड्यास आग लागली, हेंहि लक्ष्यांत घ्यावें. तोफ बदलली कीं कड्याची उंचीहि बदलते.

शामशास्त्र्यांनीं १९०९ त प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत हा वाद जुनाच आहे. राज्याच्या सात प्रकृतींत दुर्गाचें स्थान चवथें. त्यापूर्वीं स्वामी, अमात्य व जनपद. दुर्गावरील संकट जनपदावरील संकटाहून थोर, हें पाराशरांचें मत कौटिल्य खोडून काढतो. त्याचें म्हणणें असें कीं, जनपदावांचून डोंगरी किल्ल्यांत वस्ती होतच नाहीं. आमच्या मतें रायगडास लावण्याजोगें याहून समर्पक भाष्य नाहीं. भूमि साधन देते. तें उचलणारा हात देत नाहीं.

तथापि जनपदाची बाजू पूर्णपणें मांडण्यास घाटांच्या जकाती, चौक्या व खोऱ्यांतील वतनें यांचे कागद हवेत, आणि ते छापील खंडांत अपुरे आहेत. जुलै २०२१ च्या पुरांत महाड पाण्याखाली गेलें, त्याच पावसांत तळिये गांवावर दरड कोसळली. अशा मुलखांत घरगुती दफ्तरांनीं किती तग धरावा? पोलादपूर, महाड, बिरवाडी या बाजूस ज्यांचे पेटारे अद्याप शाबूत असतील, त्यांनीं पार घाटाविषयींच्या कागदांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. मोडी वाचून देण्याचें काम आम्ही आनंदानें करूं.