मुंबईची ट्राम

मुंबईचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे किल्ला, गव्हर्नर, गोद्या आणि गिरण्या यांची आठवण सर्वांस होते. परंतु सामान्य माणसास सकाळीं घरांतून निघून कामावर पोंचण्यास किती वेळ व किती पैसा लागत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें मोठ्या शहराची खरी हद्द याच प्रश्नाच्या उत्तरानें ठरते. पायीं चालणाऱ्याचें शहर त्याच्या पायांपुरतेंच असतें. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं आपलें ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध केलें, तेव्हांची मुंबई बहुतांशीं अशीच होती. आगगाडी सुरू होऊन दहा वर्षें झालीं होतीं खरीं. पण ती धांवे बोरीबंदराहून ठाण्याकडे. कुलाब्याहून पायधुणीस जाणाऱ्यास तिचा काय उपयोग? श्रीमंताला स्वतःची बग्गी, मध्यम स्थितीच्या गृहस्थाला प्रसंगविशेषीं भाड्याची गाडी, आणि बाकी सर्वांना देवानें दिलेले दोन पाय.

ट्रामची कल्पना मुंबईस आली ती अमेरिकनांकडून, आणि तीही मोठ्या विलक्षण मुहूर्तावर. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें, ही हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. त्या पैशाच्या उधाणांत १८६५ सालीं एका अमेरिकन कंपनीस घोड्यांची ट्राम चालविण्याचा परवाना मिळाला. पण त्याच वर्षीं युद्ध संपलें, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि ट्राम कागदावरच राहिली. १८६४ च्या खानेसुमारींत ८,१६,५६२ लोकवस्ती असलेल्या या शहरांत १८७२ सालीं ६,४४,४०५ माणसेंच उरलीं होतीं. ज्या युद्धानें मुंबईस श्रीमंत केलें, त्याच्याच समाप्तीनें तिची ट्राम नऊ वर्षें मागें ढकलली!

पुढें १८७३ सालीं बाँबे ट्रामवे कंपनी स्थापन झाली. स्टर्न्स व किट्रेज हे अमेरिकन व्यापारी तिच्या मुळाशीं होते. ९ मे १८७४ रोजीं पहिली ट्राम रस्त्यावर आली. मार्ग दोनच: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणी. नकाशा पुढें ठेवून या रेघा पाहाव्या. कुलाब्याचा कापसाचा बाजार, कोटांतल्या कचेऱ्या आणि देशी लोकांची दाट वस्ती हीं त्यांनीं एका दोऱ्यांत ओंवलीं. भाडें प्रथम तीन आणे होतें व तिकीट देण्याची चाल नव्हती. तीन आणे म्हणजे त्या काळच्या हमालास किंवा लहान कारकुनास चैनच. कंपनीच्या हें लवकरच ध्यानांत आलें असावें, कारण त्याच वर्षीं भाडें दोन आण्यांवर उतरलें. आणि फुकट बसणाऱ्या सज्जनांस आळा घालण्यासाठीं तिकिटेंही निघालीं. ही सज्जनांची जात पुरातन आहे.

या किट्रेजसाहेबांविषयीं येथें दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. जॉर्ज किट्रेज यांनीं सोराबजी शापुरजी बंगाली यांच्याशीं हातमिळवणी करून, स्त्रियांस स्त्रीवैद्याकडूनच उपचार मिळावे म्हणून मोठा निधि उभारला. १८८३ सालीं डॉ. ईडिथ पेची मुंबईस आल्या त्या याच खटपटीमुळें, आणि १८८६ सालीं कामा हॉस्पिटल उघडलें. ट्राम चालविणाऱ्या माणसाचें हें दुसरें काम आज फारच थोड्यांस ठाऊक आहे.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फारच थोड्या घर्षणानें फिरतें, म्हणून खडीच्या रस्त्यावर ओढवला नसता एवढा भार तेथें घोड्यांची जोडी ओढी. पण मुंबईच्या उन्हांत घोडा लौकर दमतो, आजारी पडतो, आणि गाडी उभी असली तरी दाणा खातोच. फेऱ्या वाढवावयाच्या तर तबेले वाढवावे लागत; म्हणून शहर वाढूं लागलें तरी ट्रामला त्याच्याबरोबर धांवणें कठीण झालें. १९०५ सालीं नव्या ‘बेस्ट’ कंपनीनें जुनी ट्राम विकत घेतली आणि ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली. या कंपनीच्या तेव्हांच्या पूर्ण नांवांतच वीज व ट्राम हीं दोन्ही होतीं, आणि तो केवळ योगायोग नव्हे. दिव्यांना वीज लागते रात्रीं, ट्रामला मुख्यतः दिवसां. वाडीबंदरचें यंत्र दिवसभर रिकामें बसवून चालणार नव्हतें. घरांत दिवा लावणारा आणि रस्त्यानें जाणारा असे दोघे मिळून एकमेकांचा खर्च हलका करीत होते.

या विजेच्या तारेला शहराच्या एका मोठ्या संकटाचीही साथ मिळाली. १८९६ सालीं आलेल्या प्लेगानें दाटीच्या वस्तीचा धोका सर्वांस दाखविला. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दादर-माटुंग्याकडे मोकळे रस्ते व नवीं घरें आंखलीं गेलीं. परंतु मोकळी हवा कितीही चांगली असली तरी दहाच्या ठोक्याला कोटांत पोंचतां आलें नाहीं, तर ती कारकुनाच्या काय कामाची? ट्राम दादरपर्यंत व पुढें किंग्ज सर्कलपर्यंत गेली, आणि गिरगांवच्या चाळींत दोन खोल्यांत वाढलेलीं कित्येक मराठी कुटुंबें उत्तरेकडे बिऱ्हाड हलविण्याचा विचार करूं लागलीं. आगगाडीनेंही हें काम केलें हें आम्हांस मान्य आहे. पण आगगाडी स्टेशनावर उतरवी, ट्राम गल्लीच्या तोंडाशीं. शिवाय बांकावर शेजारीं कोण बसला आहे, त्याची जात कोणती, हें विचारीत बसण्याची सोय तेथें नव्हती. सुधारकांचीं व्याख्यानें ज्यांच्या कानावरून गेलीं, त्यांनाही ट्रामच्या बांकानें थोडें सरकून बसावयास लावलें.

गर्दी इतकी वाढली कीं १९२० सालीं दुमजली ट्राम काढावी लागली. पण १५ जुलै १९२६ रोजीं मोटारबस आली आणि ट्रामचे दिवस भरत आले. बसला रूळ नको, तार नको. वाटेंत अडथळा आला तर ती बाजूनें निघून जाते. १९४७ च्या ऑगस्टमध्यें कंपनी म्युनिसिपालिटीच्या हातीं आली व पुढें एकेक मार्ग बंद होत गेला. ट्राम रस्ता अडविते, ही तिच्याविरुद्ध नेहमींची तक्रार. आम्हांस मात्र ती एकांगी वाटते. एका ट्रामेंत जेवढीं माणसें मावत तेवढ्यांस खासगी मोटारींतून नेलें तर रस्ता किती लागेल, हा हिशेब तक्रार करणाऱ्यांनीं केला होता काय? रस्ता अडत होता हें खरें. पण पुष्कळांच्या गाडीनें थोड्यांच्या गाड्यांस वाट करून दिली, हेंही तितकेंच खरें आहे.

३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हां ती पाहण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. दादरच्या त्या चौकास ट्राम टर्मिनसवरून पडलेलें ‘दादर टी. टी.’ हें नांव मात्र तसेंच राहिलें. ट्राम कधीं पाहिलीही नाहीं अशीं मुलें बसमध्यें चढून तें उच्चारतात. आणि २०१७ सालीं फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठीं जमीन खणली, तेव्हां डांबराखालीं ट्रामचे जुने रूळ सांपडले.