अबू सिंबेल : वर काय आलं, खाली काय राहिलं

इजिप्तला जाणारे आपले बरेच लोक पिरॅमिड बघतात, लक्झर करतात आणि परत फिरतात. अबू सिंबेल राहून जातं, कारण ते अस्वानच्या दक्षिणेला जवळपास २८० किलोमीटर, सुदानच्या सीमेजवळ आहे. मी पेशानं स्थापत्य अभियंता, त्यामुळे मला तिथे जायचंच होतं.

इसवी सनपूर्व तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेसनं डोंगर कोरून ही दोन देवळं करवली. मोठ्या देवळाच्या दर्शनी भागात त्याचेच सुमारे २० मीटर उंचीचे चार बसलेले पुतळे आहेत. अस्वानच्या नव्या धरणात हे सगळं बुडणार होतं. युनेस्कोच्या मोहिमेत १९६४ ते १९६८ या काळात दोन्ही देवळं कापली, हजाराहून जास्त तुकडे केले आणि ६५ मीटर वर, नदीपासून सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडली.

मोठ्या देवळामागचा डोंगर भरीव नाही. आत काँक्रीटचा घुमट आहे. वरच्या दगडमातीचा भार तो घेतो, देवळाच्या छतावर येऊ देत नाही. फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या २२ तारखेला सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात, ती दिशाही राखली. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. एका पुतळ्याचं धड भूकंपात प्राचीन काळीच कोसळलं होतं. क्रेन हाताशी असूनही ते वर बसवलं नाही. होतं तसंच पायाशी ठेवलं. दुरुस्तीच्या नावाखाली इतिहास पुसला नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. याच धरणामुळे इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नुबियन लोकांची गावं गेली. देऊळ होतं तिथेच वर चढलं. माणसं मात्र नदीकाठ सोडून दूर कोम ओंबोकडे वसवली गेली. म्हणून अस्वानला गेलात तर १९९७ साली उघडलेलं नुबिया संग्रहालय चुकवू नका. बुडालेल्या मुलखाची ओळख तिथे होते.

आपल्या हैदराबादकरांना हे नवं नाही. नागार्जुनसागराच्या पाण्यात इक्ष्वाकूंची राजधानी गेली आणि तिथले निवडक अवशेष नागार्जुनकोंड्याच्या माथ्यावर पुन्हा उभारले. लाँचनं तिकडे जाताना आपण वर काय आहे ते बघायला उत्सुक असतो. खाली काय राहिलं, हेही एकदा विचारावं. पर्यटक म्हणून एवढं तरी आपल्या हातात आहे.